यंत्रं ओल्डहॅमची, गिरणी परळची: देशाची वाढ दीर्घकाळ टिकते ती कशाच्या जोरावर?

भोईवाडा_नाका (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर ‘भारत आता जगात कितवा’ यावरून जी जुंपली होती ती बऱ्याच जणांना आठवत असेल. शेवटी धाग्याला कुलूप लागलं. एकूण जीडीपीचा क्रमांक लावायला माझी हरकत नाही, पण १४० कोटी माणसांचा देश त्या यादीत वर सरकणारच. खरा प्रश्न माणशी उत्पन्नाचा आहे, आणि तोही एखाद्या तिमाहीचा नव्हे, तीस-चाळीस वर्षांचा. ते वाढत राहतं कशाने?

आधी थोडा हिशेब. ७० ला वाढीच्या दराने भागलं की दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. १९५० ते १९८० आपली अर्थव्यवस्था वर्षाला साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ राज कृष्णा यांनी त्यालाच ‘हिंदू रेट ऑफ ग्रोथ’ म्हणून चिमटा काढला होता. लोकसंख्या दोन टक्क्यांच्या वरच वाढत होती, म्हणजे माणशी वाढ उरली फार तर दीड टक्का. त्या वेगाने उत्पन्न दुप्पट व्हायला जवळपास ५० वर्षं. तेच पाच टक्के असेल तर १४ वर्षं. १९९० साली चीनचं माणशी उत्पन्न डॉलरमध्ये आपल्याहून किंचित कमीच होतं. आज ते १३ हजारांच्या आसपास आहे आणि आपण पावणेतीन हजारांच्या घरात. दरातला दिसायला किरकोळ फरक आणि मध्ये एक पिढी, एवढ्यावर हे झालं.

आता हा दर येतो कुठून? पाठ्यपुस्तकी उत्तर: भांडवल वाढवा, कामाला जास्त माणसं लावा. पण अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली अमेरिकेचे १९०९ ते १९४९ चे आकडे तपासले तेव्हा वेगळंच निघालं. त्या ४० वर्षांत कामाच्या दर तासामागचं उत्पादन दुप्पट झालं होतं, आणि त्यातला जेमतेम आठवा हिस्सा भांडवल वाढल्यामुळे होता. उरलेले सात हिस्से ‘बाकी’. ही बाकी म्हणजे तंत्रज्ञान, कामाची पद्धत, कौशल्य, जे जे सरळ मोजता येत नाही ते सगळं.

हे वाचल्यावर मला आपल्या गिरण्या आठवल्या. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला गिरणी काढली. पुढे परळ-लालबाग-वरळीत जी धुरांडी उभी राहिली त्यांच्याखालची यंत्रं बहुतेक इंग्लंडमधल्या लँकेशायरची. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची चाती (सूत कातणारी) आणि साचे (म्हणजे माग) मँचेस्टरलाही तेच आणि मुंबईलाही तेच. मॅनेजर आणि स्पिनिंग मास्टरही कितीतरी ठिकाणी तिकडूनच आणलेले. तरीही ग्रेगरी क्लार्क या इतिहासकाराने १९१० च्या सुमाराचे आकडे मांडले तेव्हा चित्र असं होतं: अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या गिरणीत एक कामगार जेवढं काम उरकायचा, तेवढ्याला ब्रिटनमध्ये दीड, जर्मनीत २.३ आणि भारत, चीन, जपान, ग्रीस इथे जवळपास सहा माणसं लागायची.

यंत्र तेच, सहापट माणसं. मग भांडवल आणून नेमकं काय आणलं आपण? आणि त्या यादीत आपल्याच रांगेत बसलेला जपान पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत कुठल्या कुठे निघून गेला, चीनची सुताची बाजारपेठ त्याने मुंबईच्या हातून काढून घेतली. आपण तिथेच राहिलो. असं का, यावर मंडळींनी लिहावं.

---

कटिंग_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

स्वदेशी_बाणा

लेख चांगला आहे, पण मुद्द्याला बगल दिलीत. परका राजा असताना उत्पादकता कशी वाढणार? १८९६ मध्ये आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, का तर लँकेशायरला स्पर्धा नको. तो जायला १९२५ उजाडलं. दादाभाई नौरोजी याच मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवत होते, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी संपत्ती कशी वाहून नेली जाते त्याचा हिशेब मांडला. जपानला स्वतःचं सरकार होतं. आपल्याला नव्हतं. विषय संपला.

---

भोईवाडा_नाका

@स्वदेशी_बाणा, कर अन्यायाचा होता यात वादच नाही. पण साडेतीन टक्के कराने मालकाचा नफा कमी होतो. एका माणसाने किती चाती सांभाळायची ते त्यातून ठरत नाही. चीनमध्ये तर आपलं सूत आणि जपानचं सूत एकाच बाजारात शेजारी शेजारी विकलं जात होतं, तिथे आपल्या देशातला कापडावरचा कर लागूच नव्हता. तिथेही आपण हरलो.

स्वतःचं सरकार असण्याचा मुद्दा मात्र मला पटतो. त्या सरकारने नेमकं काय केलं, ते बघायला हवं.

---

मधुमालती

तेच लिहायला आले. जपानने १८७२ मध्ये शिक्षणाचा कायदा केला आणि १९१० पर्यंत जवळजवळ सगळी मुलं प्राथमिक शाळेत होती. आपल्याकडे १९११ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम सहा टक्के. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं आणि पुढच्या वर्षी ते पडलं. महात्मा फुले तर १८८२ मध्येच शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे सांगून आले होते की बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर केलं सुद्धा! म्हणजे जमत नव्हतं असं नाही.

स्वदेशी_बाणा, तुमच्या बाजूनेच बोलतेय मी. वाहून नेलेल्या सोन्यापेक्षा न काढलेल्या शाळा महाग पडल्या. सोनं परत कमावता येतं, पण १९११ ला सात वर्षांचं असलेलं मूल १९३१ ला गिरणीत आलं ते अंगठा उठवतच.

आणि याबाबतीत आजही आपण पाठ थोपटून घेण्यासारखं काही नाही. मुलांना काय येतं ते तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. शाळेत किती वर्षं काढली यापेक्षा तिथे काय शिकलं, त्याचा वाढीशी जास्त घट्ट संबंध आहे, हे हानुशेक आणि वोसमान या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवलंय. पटावर मूल आहे म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

---

साचेखाता

धागा वाचून राहवलं नाही. माझे आजोबा विणकर, वडीलही विणकर. दोघेही साचेखात्यात. वडील १९८२ पर्यंत.

‘सहापट माणसं’ हा आकडा वाचला की लोकांच्या डोळ्यांपुढे बिड्या फुंकत बसलेला कामगार येतो. म्हणून जरा खात्याच्या आत चला. साचा चालू असताना आवाज इतका की माणसं ओठ वाचून बोलायची. वडील घरीही खुणा करून बोलत. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबवायचा, टोक शोधायचं, फणीतून ओवून गाठ मारायची, पुन्हा सुरू. धागा किती वेळा तुटेल हे विणकराच्या हातात नाही, सुतावर आहे. आणि मालक कापूस घेणार आखूड धाग्याचा, स्वस्तातला, त्यात मिसळ करणार. मग तो तुटणारच. चांगल्या सुतावर माणूस चार साचे बघेल, असल्या सुतावर दोन बघताना मेटाकुटीला येतो. वर कापडात डाग किंवा विरळ पट्टा आला तर आजोबांच्या वेळी ते कापड विणकराच्याच गळ्यात मारून पगारातून पैसे कापायचे.

१९२८ चा संप कशावरून झाला ते वाचा. दोनऐवजी तीन-चार साचे घ्या, बाकीच्यांना घरी पाठवतो, हे त्यातलं मोठं कारण. सहा महिने गिरण्या बंद होत्या. आजोबा सांगायचे, साचे वाढवायला ना नव्हती, पण सूत सुधारा आणि वाढलेल्या कापडातला वाटा द्या. यातलं काही मिळेल यावर कुणाचाच विश्वास नव्हता. जो माणूस सकाळी भोंग्याआधी दारात बदली कामगार म्हणून उभा राहतो आणि काम मिळेल की नाही हे जॉबरच्या (माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या) मर्जीवर असतं, तो कशाला हात चालवून स्वतःच्याच भावाची नोकरी घालवेल?

मालकांचंही बघा. पहिल्या महायुद्धानंतर तेजीत बक्कळ नफा झाला, तो लाभांशात वाटून टाकला. गिरणी चालवणाऱ्या मॅनेजिंग एजंटला कमिशन मिळे ते बऱ्याच ठिकाणी विक्रीवर. मजुरी स्वस्त, मग माणूस वाचवायची घाई कोणाला? तुमची ती ‘बाकी’ आहे ना, ती या सगळ्याची बेरीज आहे.

---

कटिंग_चहा

पॉपकॉर्न बाजूला ठेवला. साचेखाता, दंडवत.

---

आकडेमोड

धाग्याचा सूर ‘भांडवल गौण, पद्धत थोर’ असा लागतोय म्हणून विरोधी मत नोंदवतो. सोलोचा आठवा हिस्सा अमेरिकेचा आहे. जो देश आधीच पुढे आहे, त्याच्याकडे यंत्रं भरपूर असतात; तिथे आणखी एका यंत्राने फार फरक पडत नाही. मागून येणाऱ्या देशाचं तसं नसतं. अर्थतज्ज्ञ ऑल्विन यंग यांनी पूर्व आशियाचे आकडे सोलून काढले तेव्हा सिंगापूरच्या १९६६ ते १९९० च्या वाढीत ‘बाकी’ जवळपास शून्य निघाली. सिंगापूरने गुंतवणूक जीडीपीच्या ११ टक्क्यांवरून ४० च्या वर नेली, बायका-पुरुष सगळे कामाला लावले, शिक्षण वाढवलं. झाला श्रीमंत देश. यंगच्या हिशेबावर पुढे वाद झाले हे मान्य, पण मूळ गोष्ट खोटी ठरली नाही. चीननेही चाळीस टक्क्यांच्या वर गुंतवणूक वर्षानुवर्षं केली. आपण तिशीच्या आसपास घुटमळतो.

मुंबईचंच घ्या. कफ परेड ते आरे भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली. ज्या शहराला १८५३ मध्ये आशियातली पहिली प्रवासी रेल्वे मिळाली त्याला भुयारी रेल्वे मिळायला पावणेदोनशे वर्षं लागली. भांडवल गौण म्हणणाऱ्यांनी सकाळी सव्वानऊला दादरला उतरून दाखवावं.

---

भोईवाडा_नाका

@आकडेमोड, सिंगापूरचा मुद्दा बिनतोड. पण याच रस्त्याने सोव्हिएत संघही गेला होता. शेतातली माणसं कारखान्यात, खाणाऱ्याच्या तोंडचा घास काढून पोलादात. पहिली काही दशकं जग थक्क झालं. सत्तरच्या दशकात ढकलगाडी थांबली, कारण हलवायला शेतातली माणसं उरली नव्हती आणि भरलेलं भांडवल दर वर्षी आदल्या वर्षापेक्षा कमी परतावा देत होतं. सिंगापूरला बंदर होतं, निर्यात होती, बाहेरच्या कंपन्या आपली पद्धत घेऊन येत होत्या, चूक झाली की बाजार लगेच कान पिळत होता. मॉस्कोत कान पिळणारं कुणी नव्हतं.

म्हणजे भांडवल लागतं, पण ते कोणाच्या हातात आणि कशाच्या धाकात, हेही लागतं. इथे मी तुमच्याकडे एक पाऊल येतो, तुम्हीही या.

---

रॅपियर

मी भिवंडीला माग चालवतो. ‘पद्धत’ म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्यासारख्यांवर चक्क प्रयोग झालाय.

२००८ च्या सुमाराला स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या लोकांनी (निकोलस ब्लूम वगैरे) तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापडवाल्यांच्या १७ कंपन्या घेतल्या. काहींना मोठ्या सल्लागार कंपनीची माणसं फुकट दिली, महिनोन्‌महिने कारखान्यात बसवली. काहींना नुसती तपासणी करून सोडून दिलं. ३८ साध्या पद्धतींची यादी होती. म्हणजे काय तर, माग का थांबला ते रोज लिहा. कुठला डाग कुठल्या मागावर पडला त्याची नोंद ठेवा. गोदामातल्या सुताला चिठ्ठी लावा. तेलपाणी वेळेवर करा. रॉकेट सायन्स काही नाही. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. एक नवा माग न घेता!

आता तुम्ही विचाराल, एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलं? लोकांना वाटायचं आपण बरे आहोत. मीही तो पेपर वाचेपर्यंत माझ्या गोदामाला चांगलंच समजत होतो. सुताच्या कोनांची खोकी भिंतीला लावलेली, कुठल्या लॉटचं काय ते फक्त आमच्या म्हाताऱ्या गोदामवाल्याला माहीत. तो गावी गेला की आम्ही नवं सूत विकत आणायचो आणि जुनं मागे तसंच पडून पिवळं व्हायचं. सुट्या भागांचंही तेच. एक गिअर हवा म्हणून अख्खा डबा जमिनीवर उपडा करायचा.

याच्याहून मजेची गोष्ट त्या अभ्यासात आहे. कंपनी किती मोठी होणार हे कशावर ठरत होतं? मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर. भाऊ तीन तर कारखाने तीन. बाहेरच्या मॅनेजरच्या हातात मालक काही देतच नाहीत. आमच्याकडे खरेदीच्या चेकवर मी नाहीतर धाकटा भाऊ, तिसरी सही नाही. दोघांपैकी एक रोज भिवंडीत हवाच. त्यामुळे ऑर्डर असूनही तिसरी जागा घेतली नाही.

जाता जाता, ते लोक २०१७ ला परत बघायला आले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या. मॅनेजर बदलला की वही बंद. पण उरलेल्या निम्म्यांवरही ते इतरांच्या पुढेच होते.

---

वकीलसाहेब_फोर्ट

रॅपियरभाऊ, तुम्ही परक्या माणसाला सही देत नाही यात तुमचा स्वभाव कमी आणि आमचा धंदा जास्त आहे. उद्या मॅनेजरने माल परस्पर विकला तर तुम्ही काय करणार? पोलिसात जाल, कोर्टात याल आणि तारखा घ्याल. चेक न वटल्याचा खटला शक्यतो ६ महिन्यांत संपवावा असं कायद्यातच लिहिलंय. आमच्याकडे पक्षकाराला हे वाक्य वाचून दाखवलं की तो हसतो.

२०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना मिळालं ते याच विषयावर, म्हणजे संस्थांवर. लोक उदाहरण देतात ते उत्तर आणि दक्षिण कोरियाचं. भाषा एक, माणसं एक, १९४५ पर्यंतचा इतिहास एक. नियम वेगळे झाले आणि आज उपग्रहाच्या रात्रीच्या फोटोत एक बाजू उजेडात, एक अंधारात. पण इतकं लांब कशाला जायचं? करार मोडला तर वसुली होते असा भरवसा असेल तर माणूस अनोळखी माणसाशी धंदा करतो. नसेल तर चुलतभावाशी करतो. चुलतभाऊ संपले की वाढ संपली.

व्यापारी न्यायालयांचा कायदा २०१५ चा, दिवाळखोरीचा २०१६ चा. दोन्हींनी थोडी हालचाल झाली, नाही असं नाही. पण छोट्या मागवाल्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

---

माटुंगा_पूर्व

सगळे कापडावरच अडकलेत, म्हणून जरा रसायनाकडे नेतो. (मी यूडीसीटीचा, म्हणजे माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचा, आताच्या आयसीटीचा. पूर्वग्रह मान्य.)

सोलोने ‘बाकी’ आभाळातून पडल्यासारखी धरली होती. ती कोणीतरी पैसे आणि डोकं घालून तयार करतं, हे गणितात बसवलं पॉल रोमर यांनी १९९० मध्ये. २०१८ ला नोबेल. त्यांचं म्हणणं असं की माग एका वेळी एकालाच वापरता येतो, पण कृती, सूत्र, पद्धत एकदा सापडली की हजार जण एकाच वेळी वापरतात आणि ती झिजत नाही. म्हणून ज्ञानावरच्या वाढीला भांडवलासारखी ओहोटी लागत नाही.

आपल्याकडचं जितंजागतं उदाहरण औषधांचं. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ चा. त्यातून चाळीस वर्षं माणसं तयार होत राहिली. मग १९७० चा पेटंट कायदा आला, १९७२ पासून लागू. २००५ पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेवर. म्हणजे दुसऱ्या रस्त्याने तोच रेणू बनवून दाखवा आणि विका. दुसरा रस्ता शोधणारे रसायनतज्ज्ञ माटुंग्यात तयार होतेच! २००१ मध्ये इथल्याच सिप्लाने एड्सवरच्या तीन औषधांचं वर्षाचं मिश्रण ३५० डॉलरला देऊ केलं तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव १० हजार डॉलरच्या वर होता.

यात कायदा आधी की शाळा आधी? दोन्ही लागले. कायदा असता आणि रसायनतज्ज्ञ नसते तर कागदच राहिला असता. आणि आज आपण संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया पाचच्या जवळ. दुसऱ्याचा रेणू बनवण्यात आपण पटाईत झालो. स्वतःचा काढायला याच्या कितीतरी पट लागेल.

---

संपादक_मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. पक्ष आणि नेते यांच्यासाठी वेगळे धागे आहेत. चर्चा उत्तम चालू आहे, चालू द्या.

---

डिलाईल_रोड

गिरण्यांची गोष्ट अर्धीच सांगताय. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो रीतसर मिटलाच नाही. नंतर जमिनीचं काय झालं? १९९१ च्या नियमात होतं की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे: एक पालिकेला मोकळी जागा म्हणून, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती करून ते वाटे फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरते केले. हातात काय उरलं ते दिसतंच आहे. २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

आता तुमच्या हिशेबाने बघितलं तर वाढ जबरदस्त. ज्या आवारात सूत निघायचं तिथे बँका, जाहिराती, सॉफ्टवेअर. चौरस फुटामागे उत्पादन कुठल्या कुठे. २०२५ चं नोबेल मोकिर, अगियों आणि हॉविट यांना मिळालं तेही याच धर्तीवर: जुनं मोडतं, नवं त्याची जागा घेतं, त्यातूनच वाढ टिकते. खरं असेल. पण माझ्या चाळीतले जे लोक मोडले ते नव्यात नव्हते. काही गावी गेले, काहींनी वडापावच्या गाड्या लावल्या, काही वॉचमन म्हणून त्याच गेटवर उभे राहिले.

---

साचेखाता

+१. आणि यात नुसता भावनेचा मुद्दा नाही, @भोईवाडा_नाका, तुमच्या विषयातलाच आहे. मोडलेल्या माणसाला पुढे काहीतरी मिळणार असेल तर तो नव्याला अडवत नाही. १९२८ ला जे झालं तेच १९८२ ला. नवं यंत्र म्हणजे माझ्या पोटावर पाय, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याच्याकडून उत्पादकता कशी वाढवून घेणार?

---

भोईवाडा_नाका

हे मी माझ्या लेखात लिहायला हवं तेवढ्या नेमकेपणाने तुम्ही लिहिलंत.

एक भर घालतो. आपल्याकडे जुनं मोडूही दिलं नाही आणि नवं वाढूही दिलं नाही. १०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी हवी, हा नियम १९८२ च्या दुरुस्तीचा. त्याने नोकरी कुणाची वाचली? गिरण्या बंद पडायच्या त्या पडल्याच. पण नवा कारखानदार शंभराच्या अलीकडेच थांबायला शिकला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ती मर्यादा ३०० झाली. चांग-ताई शे आणि पीटर क्लेनॉ या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये हिशेब मांडला होता की आहे तेच भांडवल, आहेत तीच माणसं, फक्त ती अमेरिकेइतक्या सफाईने चांगल्या कारखान्यांकडे सरकली तर भारतीय उद्योगाची उत्पादकता ४० ते ६० टक्क्यांनी वाढेल. नव्या पैशाशिवाय.

माझं मत अजूनही तेच आहे: वाढीचा खरा झरा त्या ‘बाकी’त आहे. फक्त धागा सुरू करताना मी ती तंत्रज्ञानाच्या अंगाने बघत होतो. इथल्या प्रतिसादांनंतर त्यात विश्वासाचा वाटा मोठा दिसतोय. मालकाचा मॅनेजरवर, विणकराचा मालकावर, दोघांचा कोर्टावर.

---

मधुमालती

बायकांचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढते. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २०१७-१८ ला २३ टक्के होतं, २०२३-२४ ला ४१.७. उडी मोठी दिसते, पण त्यातल्या बऱ्याच जणी घरच्या शेतावर किंवा दुकानात बिनपगारी आहेत. आकडेमोड यांच्या सिंगापूरने जे केलं ते हे नव्हे.

---

आकडेमोड

@मधुमालती, सहमत.

बांगलादेशाचं उदाहरण राहिलंच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी देश गारमेंट्स नावाच्या कंपनीने कोरियाच्या देऊशी करार केला आणि १३० माणसं बुसानच्या कारखान्यात शिकायला पाठवली, सहा महिने. शिवण, कटिंग, दर्जा तपासणी, निर्यातीची कागदपत्रं, सगळं. परत आल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यातले बहुतेक जण कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभारून दिला. आज त्या देशाच्या निर्यातीतला चार पंचमांश हिस्सा तयार कपड्यांचा आहे. भांडवल नव्हे, शिकलेली माणसं इकडून तिकडे गेली. घ्या भोईवाडा, आलो एक पाऊल.

---

रॅपियर

आणि त्या देश गारमेंट्सच्या मालकाचं काय झालं ते कुणी विचारलं का? १३० जणांना शिकवायचा खर्च त्याचा, फायदा गावाचा. आमच्याकडे हेच आहे. पोरगं वर्षभर घालवून तयार करायचं, ते बाजूच्या गाळ्यात हजार रुपये जास्त मिळाले की जातं. म्हणून कुणी शिकवतच नाही. सगळे दुसऱ्याने शिकवलेलं पोरगं पळवायला टपलेले.

---

माटुंगा_पूर्व

म्हणूनच शिकवण्याचा खर्च एकट्या मालकावर टाकून चालत नाही. ज्याचा फायदा सगळ्यांना, त्याचे पैसे सगळ्यांनी मिळून, म्हणजे सरकारने भरायचे. माटुंग्याला तेच झालं होतं. मागांसाठी आयटीआय आहेत की.

---

रॅपियर

आहेत ना. मागच्या वर्षी एकीकडून सर्टिफिकेटवाला मुलगा घेतला. हुशार होता, पण त्याने रॅपियर माग (बिनधोट्याचा, नवा) फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. त्यांच्या वर्कशॉपमध्ये अजून धोट्याचा साचा आहे, साचेखाताताईंच्या वडिलांच्या वेळचा. मी प्राचार्यांना म्हटलं, माझा एक जुना रॅपियर घेऊन जा, फुकट देतो. तर म्हणाले, देणगी घ्यायला वरून मंजुरी लागते, अर्ज करा. केलाय. माग ताडपत्रीखाली आहे, कुणाला मंजुरीची वाट माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

वकीलसाहेब_फोर्ट

व्यनि केला आहे.